पालकसभेला न येणारे पालक आणि माझ्या लाल पेनातलं 'अपूर्ण'

खडूची_धूळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चौथीची वर्गशिक्षिका आहे, नोकरीला सतरा वर्षं झाली. यंदा 'पालकसंपर्क' हे खातं माझ्या गळ्यात पडलंय. सोबत वरून आलेली सूचना अशी : सगळ्या प्रकारच्या कुटुंबांना शाळा आपली वाटली पाहिजे, काहीतरी छानसं करा. छानसं म्हणजे एक 'विविधता दिन'. फुगे, वेगवेगळे पोशाख, भिंतीवर हातांचे ठसे, आणि फोटो. फोटो तर हवेतच.

मला तो दिवस करायचा नाहीये. का, ते सांगते. त्यात माझीच चूक आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

गेल्या सत्रात मी 'माझा वंशवृक्ष' हा प्रकल्प दिला. दरवर्षी देते. छापील कागद असतो : खोडावर 'मी', वर दोन चौकटी आई-बाबांच्या, त्यांच्यावर चार चौकटी आजी-आजोबांच्या. एका मुलीने कागद परत दिला त्यात एकच चौकट भरलेली होती, आईच्या आईची. बाकीच्या पाच कोऱ्या. म्हणजे तिने त्या सोडून दिल्या नव्हत्या. प्रत्येकीत पट्टी लावून नीट तिरकी रेघ मारली होती, वहीच्या उरलेल्या जागेवर मारायला आम्हीच शिकवतो ना, तशी. रात्र झाली होती, अडतीस कागद तपासायचे होते. मी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आजी वर्गाच्या दारात उभी. कागद चार घड्या घालून पिशवीत आणलेला. म्हणाली, "बाई, यात काय भरायचं राहिलं?"

भांडायला आली नव्हती हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला बारीक दिसत नाही, नातीने वाचून दाखवलं. राहिलं असेल तर सांगा, भरून आणते."

मी काय बोलले ते आता आठवत नाही. सारवासारव केली असणार. जाता जाता तिने विचारलं, पालकसभेला मी आले तर चालेल का? दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तिला सांगितलं होतं की सभेला आईवडिलांनीच यायचं असतं. म्हणून ती कधी आली नाही. आणि माझ्या नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे दोन वर्षं 'पालक अनुपस्थित' असं लिहिलेलं आहे. ही बाई रोज सकाळी मुलीला फाटकाशी सोडते आणि रोज न्यायला येते. वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस शाळेत येणारी व्यक्ती आमच्या दप्तरी अनुपस्थित!

तर प्रश्न असा. ज्यांचं घर त्या छापील झाडात बसत नाही, ज्यांना शाळेची भाषा येत नाही, ज्यांना आमच्या वेळा जमत नाहीत, अशा घरांना शाळेचं दार उघडं वाटावं म्हणून तुमच्याकडे कोणी खरोखर काय केलं? घोषवाक्यं नकोत. कोणता कागद बदलला, कोणती वेळ बदलली, काय फसलं, हे सांगा.

---

खिडकीमागचा

बाई, मी शाळेत लिपिक होतो. एकतीस वर्षं. शाळेत पालक पहिल्यांदा पाऊल टाकतो तो तुमच्या वर्गात नाही, आमच्या खिडकीशी. आणि आमची खिडकी अशी होती की काचेत खाली एक अर्धगोल भोक, कमरेच्या उंचीवर. माणसाला बोलायचं तर वाकावं लागे. मी आत खुर्चीत, तो बाहेर वाकलेला, मागे रांग. अशा अवस्थेत मी विचारायचो, "वडिलांचं नाव?" आणि तो पालक, बहुतेक वेळा ती, मागे वळून रांगेकडे बघायची आणि मग हळू आवाजात काहीतरी सांगायची. "जरा मोठ्याने," असं मी म्हणायचो. आज लाज वाटते.

निवृत्तीच्या आधी सहा-सात वर्षं दोन गोष्टी केल्या. खिडकीबाहेर टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या आणि प्रवेशाच्या दिवसांत मी स्वतः बाहेर येऊन बसायला लागलो. दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्म. 'वडिलांचे नाव, आईचे नाव' याच्या जागी 'पालक १' आणि 'पालक २', पुढे 'मुलाशी नाते', आणि दुसरा रकाना रिकामा सोडला तरी चालेल अशी टीप. त्याखाली चार साधे प्रश्न : मुलाला रोज कोण सांभाळतं? शाळेतून कोणाच्या हाती सोडायचं? कोणत्या भाषेत बोललेलं बरं पडेल? फोन केव्हा केला तर उचलता येईल?

इथे एक सावधगिरी. रोज सांभाळणारा, कायद्याने हक्क असलेला आणि मुलाला घेऊन जाऊ शकणारा, ही तीन वेगळी माणसं असू शकतात. घटस्फोट झालेल्या घरात, ताब्याचा खटला चालू असलेल्या घरात हा घोळ फार महागात पडतो. म्हणून तीन प्रश्न वेगळेच ठेवा. आपुलकीच्या भरात एकत्र करू नका.

आता फजिती ऐका. कागद बदलला, पण संगणकातला कार्यक्रम बदलला नव्हता. वडिलांचा रकाना भरल्याशिवाय तो पुढेच सरकेना. मग आमच्या सहकाऱ्याने तोडगा काढला, तिथे एक टिंब टाकायचं. चाललं की! वर्षाच्या सुरुवातीला ओळखपत्रं छापून आली. एका पोराच्या गळ्यातल्या कार्डावर ठळक अक्षरांत : 'वडील : .' आठवडाभरात वर्गाने त्याचं नाव टिंब्या ठेवलं. सगळी कार्डं परत घेऊन वडिलांची ओळच काढून टाकायला मला तीन महिने भांडावं लागलं. ओळखपत्रावर मुलाचं नाव, वर्ग आणि अडचणीच्या वेळी करायचा फोन, एवढंच लागतं. बाप कशाला लागतो तिथे?

तुमच्या त्या आजींबद्दल. मला कागदं वाचायची खोड आहे म्हणून सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा. त्याच्या पाचव्या कलमात आईवडिलांच्या जोडीला विस्तारित कुटुंब, समाजातली माणसं, कायदेशीर पालक, अशी सगळी मंडळी आहेत. म्हणजे जगाच्या करारात आजीला जागा आहे, शाळेच्या सभेला मात्र नाही. 'आईवडिलांनीच यायचं' असं तुमच्याकडे कुठे लिहिलंय का ते शोधा. बहुतेक कुठेच नसेल. आमच्यासारख्या कोणीतरी खिडकीतून फेकलेलं वाक्य असेल ते.

---

स्पष्टच_बोलतो

सगळं ठीक आहे, पण एक विचारू? शाळेचं काम शिकवणं. आधीच शिक्षकांच्या डोक्यावर माहिती भरण्याचा डोंगर. त्यात आता प्रत्येक घराच्या तऱ्हा सांभाळायच्या? आमच्या वेळी आईवडील अडाणी होते, शाळेत कधी फिरकले नाहीत, तरी आम्ही शिकलोच. ज्यांना मुलांची काळजी असते ते येतात. नाही येत त्यांना नसते.

---

खडूची_धूळ

@स्पष्टच_बोलतो, डोंगराचं तुम्ही बरोबर बोललात, त्याबद्दल धन्यवाद. काळजीचं मात्र मला पटत नाही. माझंही मत परवापर्यंत तुमच्यासारखंच होतं, म्हणून जरा ठासून लिहिते.

वर्गात अडतीस मुलं. वर्षभरात एकदाही सभेला न आलेली घरं अकरा. गेल्या आठवड्यात मी त्या अकरा जणांना फोन लावले. दोन नंबर चुकीचे, म्हणजे आमचे निरोप दोन वर्षं तिसऱ्याच माणसाला जात होते (त्यातल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, "बाई, तुमचा पोरगा गणितात सुधारलाय ना आता?" त्यांनी सगळे निरोप वाचले होते!). चार घरांत सभेच्या वेळी, म्हणजे दुपारी तीनला, कामावरून सुट्टी मिळत नाही. मागितली तर दिवस बुडतो. एक आजी, ती तुम्हाला माहीत झाली. एका घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोघांना आमची चिठ्ठी वाचता येत नाही, मूल सांगेल तेच खरं. राहिलेला एक म्हणाला, "येतो की, पण दर वेळी पोराच्या तक्रारीच ऐकवता. घरी येऊन मग मी त्याला मारतो. त्यापेक्षा न आलेलं बरं."

या अकरांत मला बेफिकीर माणूस शोधूनही सापडला नाही. शेवटच्या माणसाला तर मुलाची इतकी काळजी की तो येतच नाही.

---

हातांची_लेक

फार दिवसांनी इथे काही लिहितेय. माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. मला ऐकू येतं. अशा मुलांना 'कोडा' म्हणतात, त्याच नावाची संस्थाही १९८३ साली अमेरिकेत सुरू झाली. मला हे पंचविशी उलटल्यावर कळलं. तोवर वाटायचं की आमच्यासारखं घर जगात आमचंच.

नऊ वर्षांची असताना माझ्याच पालकसभेत दुभाषी मीच होते. बाई माझ्याकडे बघून बोलायच्या, "आईला सांग, गणितात नापास झालीयेस." आई माझ्या चेहऱ्याकडे बघत बसलेली. मी हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात अक्षर छान आहे." आईने हसून बाईंना नमस्कार केला. बाईंना वाटलं, केवढी समजूतदार बाई! पुढची दोन वर्षं मी असं चालवलं. मजेदार वाटतं ना? घरी आल्यावर झोप लागायची नाही. एकदा तर बाई बाबांच्या आजारपणाबद्दल काहीतरी विचारत होत्या. मला शब्दच कळला नाही, आणि मी तो जसा समजला तसा आईला सांगितला. आई तिथेच रडायला लागली. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातांवर असलं ओझं टाकू नये.

दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांतही हेच होतं. मूल शाळेची भाषा पटकन शिकतं आणि घराचा वकील, टपाली, दुभाषी, सगळंच होऊन बसतं. अमेरिकेत २०१५च्या जानेवारीत न्याय आणि शिक्षण खात्यांनी शाळांना पत्र लिहिलं होतं, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की पालकांसाठी दुभाषी म्हणून विद्यार्थी, भावंडं, मित्र किंवा प्रशिक्षण नसलेले कर्मचारी वापरू नका. पत्र वाचताना मी एकटीच हसले होते.

सहावीत एक सर आले. पहिल्याच सभेत त्यांनी मला वर्गाबाहेर पाठवलं. "जा, खेळ." आत त्यांनी काय केलं, तर खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. आईसमोर वही आणि दोन पेनं. वीस मिनिटं दोघांनी लिहून गप्पा मारल्या. ती वही आईने अजून ठेवलीये. त्यात सरांचं पहिलं वाक्य आहे : 'तुमची मुलगी घरी कशावर हसते?'

तर करण्यासारखं : बोलताना पालकाकडे बघा, सोबत असलेल्याकडे नाही. फोन लावू नका, निरोप लिहा. सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळत असेल तर आधी कळवून बोलवा आणि कोणती सांकेतिक भाषा ते विचारा, कारण ती जगात सगळीकडे एक नसते. आणि बोलताना तोंडापुढे कागद धरू नका.

---

दोघीजणी

छोटंसं. आमच्या घरी मुलाला दोन आया आहेत. (असं म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही कामाला दोन बायका ठेवल्यात. मराठीनेही आमची पंचाईत केलीये.)

आमच्यासाठी शाळेने खास दिवस साजरा करावा, भिंतीवर चित्रं लावावीत, असं काही नको. दोनच गोष्टी हव्यात. दोघींपैकी कोणीही न्यायला आलं तरी फाटकावर चौकशी नको. आणि मुलाला 'पण खरी आई कोणती?' असं कोणी, विशेषतः मोठ्या माणसाने, विचारू नये. मूल दत्तक असो, सावत्र असो, आणखी कसंही असो, हा प्रश्न विचारायचाच नसतो. पहिलीत एका बाईंनी विचारला होता. पोराने उत्तर दिलं, "सकाळची ही आणि रात्रीची ती." बाई दिवसभर सगळ्यांना सांगत हसत होत्या. पोरगा त्या दिवशी घरी येऊन गप्प.

---

एकटा_बाबा

वर्गाच्या ग्रुपचं नाव 'सुपर मॉम्स'. मुलगी दुसरीत गेली तेव्हा मला त्यात घेतलं, दोन दिवसांनी काढलं. कारण विचारलं तर, "अहो, बायकांच्या गप्पा असतात, तुम्हालाच अवघड वाटेल." गृहपाठ, सुट्टी, सहलीचे पैसे, सगळे निरोप त्याच ग्रुपवर. मला तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी कृपेने कळायचे. सहल बुडाली तिची एक.

शाळेच्या चिठ्ठ्यांत असतंच, 'आईने दोन वेण्या घालून पाठवावे'. वेण्या मी शिकलो, तो भाग वेगळा. आधी सुतळीवर शिकलो, मग पोरीच्या डोक्यावर. पण ती चिठ्ठी वाचताना पोर माझ्याकडे बघायची ते विसरता येत नाही. 'घरच्यांनी' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

मातृदिनाच्या भेटकार्डांबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. ते बंद करू नका. माझ्या मुलीला कार्ड करायला आवडायचं. अडचण कार्डाची नव्हती. बाई तिच्या कानाशी येऊन कुजबुजायच्या, "तू आत्यासाठी कर हं." सगळा वर्ग ऐकायचा. त्याऐवजी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा, 'ज्यांच्यासाठी करावंसं वाटतं त्यांच्यासाठी करा, एक करा नाहीतर तीन करा.' मग कुजबुज करायची वेळच येत नाही. कुटुंबाचाच दिवस हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ठरवलेला १५ मे आहेच. त्याच्या इंग्रजी नावात 'कुटुंब' हा शब्द अनेकवचनी आहे. निदान तेवढा विचार कोणीतरी केला म्हणायचा.

---

वर्गाबाहेरची

मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. आधी पंधरा वर्षं वर्गात होते.

@स्पष्टच_बोलतो, हा प्रश्न नवा नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जेम्स कोमर या बालमानसोपचारतज्ज्ञाने न्यू हेवनच्या दोन शाळांत काम सुरू केलं. तिथे पालक शाळेवर चिडलेले, शिक्षक पालकांवर. कोमरने शाळा चालवणाऱ्या गटातच पालकांना बसवलं आणि बैठकीचा एक नियम केला की दोष कोणाचा हे शोधायचं नाही, अडचण सोडवायची. खडूताईंच्या त्या 'घरी येऊन मारतो' म्हणणाऱ्या बापासाठी हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिला फोन तक्रारीचा नको. वर्ष सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येक घरी एक फोन, ज्यात मुलाची एक चांगली आणि खरी गोष्ट सांगायची. 'हुशार आहे' ही गोष्ट नव्हे. 'काल पडलेल्या मुलाला याने पाण्याची बाटली दिली' ही गोष्ट.

गृहभेटींबद्दल. अमेरिकेतल्याच सॅक्रॅमेंटोमध्ये १९९८ साली पालक आणि शिक्षकांनी मिळून गृहभेटी सुरू केल्या. त्यांचे नियम मी थोडेफार वापरते : आधी विचारायचं, नको म्हटलं तर नाही जायचं. दोघांनी मिळून जायचं. फक्त 'अवघड' मुलांच्या घरी जायचं नाही, नाहीतर गल्लीला कळतं की शाळेची माणसं आली म्हणजे काहीतरी भानगड आहे. या फेऱ्यांसाठी शिक्षकांना मोबदला मिळाला पाहिजे, हाही त्यांचा नियम आहे, तो मात्र सगळे सोयीस्कर विसरतात. आणि पहिला प्रश्न एकच : मुलाबद्दल तुमच्या मनात काय आहे, तो कोण व्हावासा वाटतो? वही काढायची नाही. वही काढली की तपासणी.

अॅरिझोनातल्या टक्सनमध्ये लुईस मोल हे संशोधक आणि त्यांचे सहकारी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांत घेऊन गेले, तेही शिकवायला नाही, शिकायला. त्यांचा लेख १९९२चा. घरात काय नाही हे मोजण्याऐवजी त्यांनी काय आहे ते मोजलं : शेती, बांधकाम, दुरुस्त्या, औषधोपचार, व्यापार.

हे वाचून मी एकदा एका मुलाच्या घरी गेले. वर्गात त्याला क्षेत्रफळ येत नव्हतं. वडील फरशी बसवणारे मिस्त्री. पोरगा मला खोली दाखवत म्हणाला, "बाई, इथे एकशे दहा लागल्या. कापात आठ गेल्या, दारापाशी तिरकं आहे ना." मी तोंड उघडं ठेवून बसले. त्याला क्षेत्रफळ येत होतं, त्याचं नाव क्षेत्रफळ आहे हे माहीत नव्हतं.

वडिलांना वर्गात बोलावलं. "मला भाषण नको," म्हणाले. म्हटलं, भाषण नकोच, तुमची नळी आणा. ते पारदर्शक नळी घेऊन आले, पाणी भरलेली. एक टोक एका मुलाच्या हाती, दुसरं टोक वर्गाच्या दुसऱ्या भिंतीशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. पोरांनी त्यावरून फळ्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या. आमचा फळा एका बाजूला दोन बोटं खाली निघाला. इतकी वर्षं आम्ही तिरक्या फळ्यावर सरळ रेषा काढायला शिकवत होतो! मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर येऊन त्यांनी तो सरळ करून दिला.

@खडूची_धूळ, विविधता दिनाबद्दल. असे दिवस वाईटच असतात असं नाही. पण ते आधी नको. वर्षभर खिडकीतून वाकायला लावायचं आणि एक दिवस पोशाख घालून नाचायला बोलवायचं, हे लोकांना बरोबर कळतं.

---

स्पष्टच_बोलतो

फळ्याचं आवडलं. मोबदल्याचंही. बाकीचं पूर्ण पटलं असं नाही, पण एक कबूल करतो. माझा बाप शाळेत आला नाही याचं कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायला तो नाही.

---

खडूची_धूळ

सगळ्यांचे आभार. दीड महिना गेला, म्हणून काय झालं ते लिहिते. फार काही झालं नाही, हे आधीच सांगते.

विविधता दिन टळला नाही. पुढच्या सत्रावर ढकलला इतकंच. फॉर्म बदलायचा प्रस्ताव दिलाय, तो 'वर' गेलाय. वर म्हणजे कुठे ते मला माहीत नाही. पण माझ्या वर्गापुरता एक साधा कागद मी स्वतः काढला, खिडकीमागच्या काकांचे चारही प्रश्न घेऊन. अडतीसपैकी छत्तीस भरून आले. भाषेच्या रकान्यात माझ्या वर्गात सहा भाषा निघाल्या. मला तीन वाटत होत्या.

सभा दोनदा घेतली, एकदा दुपारी तीनला आणि एकदा संध्याकाळी सातला. संध्याकाळी मुलं सोबत आली, त्यामुळे गोंगाट भयंकर. मागच्या कोपऱ्यात खडू आणि कागद ठेवले होते, तरी दोघं भांडलीच. एरवी न येणाऱ्या अकरांपैकी सात घरं आली. न आलेल्यांसाठी सभेतलं महत्त्वाचं सगळं तीन मिनिटांत बोलून ध्वनिनिरोप पाठवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी केला होता, पण ज्यांना येतं त्यांनीच जास्त ऐकला असं दिसतंय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन यांचं म्हणणं अलीकडे वाचलं, की पालकांची कार्यशाळा म्हणजे नुसतं ठरलेल्या वेळी खोलीत जमणं नव्हे, तिथली माहिती त्यांना केव्हाही, कुठेही ऐकता-वाचता आली पाहिजे. आमच्या हजेरीपटाला हे कसं समजावायचं हा वेगळा प्रश्न.

दुभाषी कोणी मिळाला नाही. एका आईची भाषा बोलणारी दुसरीच एक पालक तयार झाली, पण तिच्यासमोर घरच्या गोष्टी बोलायला ही आई तयार नव्हती. बरोबरच होतं तिचं. तिथे मी अडकलेय, कोणाला काही सुचलं तर सांगा.

तक्रारींना घाबरून न येणारे वडील आले. मी ठरवून एकही तक्रार केली नाही. ते वाट बघत बसले. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, बोला आता, काय केलंय त्याने?" काही नाही म्हटलं तर विश्वास बसेना. जाताना दारातून परत वळून विचारलं, "नक्की ना?"

वंशवृक्षाचा कागद मी बंद केला. आता कोरा कागद देते, वर एवढंच : 'तुझ्या घरात कोण कोण?' एकाने एकवीस माणसं काढली. एकीने स्वतःला आणि मांजरीला काढलं आणि आईवडील मागे छोटे. वर्षातून सहा महिने वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने दोन कागद मागितले.

आजी दुपारच्या सभेला आली. पहिल्या बाकावर बसली. सभा संपल्यावर सगळे गेले तरी बसूनच राहिली. मग पिशवीतून तो जुना कागद काढला, चार घड्यांचा, घड्यांवर फाटायला आलेला.

"बाई, ते खोडता का?"

मी 'अपूर्ण'वर रेघ मारली. कागद परत द्यायला गेले तर तिने घेतला नाही.

"सही करा. नुसतं खोडलेलं कोणी मानत नाही."

मी सही केली. तिने कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख पण घाला."